'पगार' आला कुठून, आणि त्याचा शांततेशी काय संबंध?

प्रश्न असा आहे: पगार हा शब्द पोर्तुगीज म्हणतात, पण व्हॉट्सॲपच्या एका फॉरवर्डमध्ये तो संस्कृत 'प्र + आगार' वरून आला असं ठोकून दिलंय, मग खरं काय? आणि पोर्तुगीज असेल तर स्पॅनिश, इटालियन, फ्रेंचमध्येही हाच शब्द आहे का, आणि सगळीकडे अर्थ एकच का?

मी वीसेक वर्षं पोर्तुगीज आणि स्पॅनिश शिकवतेय, भाषांतरंही करते, त्यामुळे हा प्रश्न दर बॅचला एकदा तरी येतोच. थोडक्यात उत्तर म्हणजे फॉरवर्ड डिलीट करा, शब्द पोर्तुगीजच आहे. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

आधी 'प्र + आगार' चं प्रकरण संपवू. शब्द जर संस्कृतातून आला असता तर तो उत्तरेत, बंगालात, ओडिशात कुठेतरी सापडायला हवा होता ना? पण पगार म्हणतं कोण, तर मराठी माणूस, गोव्याचा कोकणी माणूस (ते पागार म्हणतात) आणि गुजराती माणूस, शिवाय मुंबईची हिंदी आणि कर्नाटकचा वरचा पट्टा. उत्तरेत तनख्वाह, बंगालीत माइने किंवा बेतन, तमिळमध्ये संबळम, तेलुगूत जीतम. म्हणजे नकाशावर रंगवलं तर गोवा, चौल, वसई, दमण, दीव हा पट्टा आणि त्याच्या मागचा प्रदेश, फिरंग्यांच्या या ठाण्यांच्या आसपासच हा शब्द. आणि शिवकाळातले, पेशवाईतले कागद वाचा, चाकरीच्या मोबदल्याला तिथे वेतन, तनखा, मुशाहिरा, रोजमुरा, दरमहा असे शब्द नेहमी दिसतात. १८८६ साली युल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यातही पगार हा मुंबईकडच्या घरगुती बोलीतला शब्द म्हणून नोंदवलाय आणि उघडउघड पोर्तुगीज क्रियापद नाम म्हणून वापरलंय असं म्हटलंय. आपल्या गोव्याच्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कसे पसरले यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही पगार आहे. तेव्हा हा वाद शंभर वर्षांपूर्वीच मिटलाय.

(मलय भाषेतही 'पगार' आहे, आणि मलाक्काही पोर्तुगीजांकडे होतं, म्हणून विद्यार्थी लगेच उड्या मारतात. पण तिथे पगार म्हणजे कुंपण. काही संबंध नाही.)

आता गंमत. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पगार नाही!

पगार हे क्रियापद आहे, अर्थ 'पैसे देणं'. सॅलरीला ते सालारिउ म्हणतात, ऑर्देनादु म्हणतात, वेन्सिमेंतु म्हणतात. मी पहिल्यांदा लिस्बनला गेले तेव्हा घरमालकिणीला ऐटीत सांगितलं की माझा 'पगार' महिनाअखेरीला येतो, तर ती गोंधळून विचारते, द्यायचे आहेत? कुणाला द्यायचे आहेत? मला वाटलं माझा उच्चार चुकला म्हणून मी आणखी मोठ्याने म्हटलं. उच्चार बरा होता, पण मी तिला सांगत होते की माझं 'पैसे देणं' महिनाअखेरीला येतं, आणि भाडं तर एक तारखेलाच द्यायचं ठरलं होतं. तिचा चेहरा आठवला की अजून हसू येतं.

मग आपण क्रियापदाचं नाम का केलं? यात आपली चूक काही नाही. एक तर पोर्तुगीजमध्येही मूळ क्रियापद सर्रास नाम होतं, जांतार म्हणजे रात्रीचं जेवण जेवणं आणि जांतार म्हणजे ते जेवणसुद्धा, पुदेर म्हणजे शकणं आणि पुदेर म्हणजेच सत्ता. दुसरं, बंदरावर, गोदीत, बांधकामावर जी मोडकीतोडकी भाषा चालते तिथे कुणी क्रियापदं चालवत बसत नाही, मूळ रूप फेकलं की काम भागतं. आणि तिसरं, मला सगळ्यात आवडणारं कारण म्हणजे मराठीची स्वतःचीच ती सवय आहे. 'त्याच्याकडे माझं येणं आहे', 'माझं देणं राहिलंय', यात येणं आणि देणं काय आहेत? क्रियापदंच की. ज्या भाषेत देणं हे नाम आहे तिथे पगार हे नाम व्हायला कितीसा वेळ लागणार. स्पॅनिशवाले आणि इटालियनवाले तर आपल्या पुढे गेलेत, त्यांनी क्रियापदाचं भविष्यकाळी रूप उचलून नाम केलं: स्पॅनिशमध्ये 'पागारे' (जोर शेवटच्या रे वर) म्हणजे 'मी देईन', आणि वचनचिठ्ठीला, म्हणजे प्रॉमिसरी नोटला, पागारेच म्हणतात. इटालियनमध्ये तसंच 'पागेरो', तोच अर्थ, तोच कागद. बाजारात शब्द असेच बनतात, व्याकरणाची परवानगी कोण घेतं.

आता मूळ. लॅटिनमध्ये पाक्स म्हणजे शांतता, तह. त्यावरून पाकारे, म्हणजे शांत करणं. आणि रोमन लोकांचं शांत करणं म्हणजे काय ते सीझरला विचारा, गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या) टोळ्या ठोकून काढल्यावर तो लिहितो की आता सगळा गॉल 'पाकाता' झाला. म्हणजे गप्प केला. यात पैशाचा कुठे वासही नाही. पैसे देण्याला लॅटिनमध्ये वेगळीच क्रियापदं होती, त्यांच्याकडे येते.

रोमन साम्राज्य कोसळल्यानंतरच्या काळात, जेव्हा लॅटिनची गावोगावी वेगळी बोली होत चालली होती, तेव्हा या पाकारेचा अर्थ सरकला. आधी शत्रूला शांत करणं, मग रागावलेल्या माणसाला शांत करणं, मग ज्याचं देणं आहे त्या सावकाराला शांत करणं. आणि दारात बसलेल्या सावकाराला शांत कसं करतात हे काय आपल्याला सांगायला पाहिजे? त्या काळच्या फ्रँक वगैरे लोकांच्या कायद्यात मारामारी, खून झाला तरी नुकसानभरपाई देऊन वैर मिटवायची रीत होती, आणि त्यातला एक हिस्सा राजाकडे जायचा, त्याला 'फ्रेदुस' म्हणत. तो शब्द त्यांच्या स्वतःच्या जर्मानिक बोलीतला आहे आणि त्याचाही अर्थ शांतताच. म्हणजे पैसा टाकला की वैर मिटलं, हे समीकरण सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं होतं. मुंबईच्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे, मांडवली. भांडण मिटलं आणि पैसेही पोचले, दोन्ही एकाच शब्दात. पाकारेचं एका शब्दात भाषांतर करा असं कुणी म्हटलं तर मी मांडवली करणंच लिहीन, छापणारे छापोत न छापोत.

तर हे पाकारे गेलं कुठे कुठे? पोर्तुगीज, स्पॅनिश, कॅटलनमध्ये पगार (कॅटलनवाले शेवटचा र खातात), इटालियनमध्ये पगारे, फ्रेंचमध्ये पेये. क चा ग कसा झाला म्हणाल तर दोन स्वरांच्या मधे अडकलेला क लॅटिनच्या पश्चिमेकडच्या पोरींमध्ये मऊ पडतो, आमिकुस म्हणजे मित्र, त्याचा अमिगो झाला तसाच. फ्रेंचमध्ये तो मऊ पडून पडून नुसता य उरला. आपल्याकडेही हे झालंय बरं, नगर मधला ग प्राकृतात गळाला आणि नेर राहिलं, संगमनेर, अमळनेर, पारनेर. फ्रेंच पेये हे समजा पगारचं अमळनेर.

आणि फ्रेंचमधूनच ते इंग्लिशमध्ये पे म्हणून गेलं, आणि इंग्लिशमधून पुन्हा आपल्याकडे पेमेंट, जीपे. म्हणजे "पगार झाला की जीपे करतो" या वाक्यात एकाच लॅटिन क्रियापदाच्या दोन नाती बसल्यात, एक लिस्बनहून गलबतातून आलेली, दुसरी पॅरिस-लंडन करत मोबाइलमधून आलेली, आणि दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

शेंडेफळ म्हणजे रुमानियन. रोमन सैन्य डाशियातून, म्हणजे आजच्या रुमानियातून, तिसऱ्या शतकातच, २७१ च्या आसपास निघून गेलं, त्यामुळे ही बहीण लवकर वेगळी पडली आणि पैशाचा नवा अर्थ तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिच्याकडे 'इंपका' आहे, त्यात क अजून शाबूत आणि अर्थही जुनाच, समेट करणं. मग पैसे देण्याला काय म्हणतात? 'प्लति'. हा शब्द शेजारच्या स्लाव लोकांकडून घेतला, आणि त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक 'प्लात' म्हणजे कापड यात धरतात, कारण स्लाव लोकांत तागाच्या कापडाचे तुकडे पैशासारखे चालत, बाराव्या शतकात हेल्मोल्ड नावाच्या जर्मन पाद्र्याने बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लावांबद्दल हे लिहून ठेवलंय. सांभाळा मात्र, रुमानियन 'प्लाता' म्हणजे पेमेंट आणि स्पॅनिश 'प्लाता' म्हणजे चांदी, आणि दक्षिण अमेरिकेत सरळ पैसा. दिसायला जुळ्या, नातं शून्य. माझ्या एका विद्यार्थ्याने परीक्षेत या दोघींचं लग्न लावून दिलं होतं.

जुना अर्थ मात्र पगारवाल्या भाषांतही पूर्ण मेलेला नाही, कोपऱ्यात लपून बसलाय. इटालियनमध्ये 'पागो' म्हणजे तृप्त, समाधानी, आणि 'अप्पागारे' म्हणजे इच्छा पूर्ण करणं. स्पॅनिशमध्ये स्वतःवरच खूश असलेल्या माणसाला 'पगादो दे सी मिस्मो' म्हणतात, शब्दशः 'स्वतःचे पैसे चुकते झालेला', पण खरं तर तिथे पगादो म्हणजे जुन्या स्पॅनिशमधला संतुष्ट. इंग्लिशमध्येही पे चा अर्थ आधी कुणाला खूश करणं असा होता, तो नंतर वारला.

आणि सगळ्यात भारी लपाछपी म्हणजे 'अपागार'. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हीत आहे, अर्थ विझवणं, दिवा बंद करणं, पोर्तुगीजमध्ये पाटीवरचं पुसणंसुद्धा. हे पगारलाच अ लावून झालंय, शांत करणं या अर्थाने: तहान शांत करणं, आग शांत करणं, दिवा शांत करणं. आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं दिवा विझला म्हणू देत नाहीत, 'दिवा शांत झाला' म्हणायचं. तेच. माझ्या त्याच पहिल्या लिस्बनवारीत हॉस्टेलच्या खोलीच्या दाराला पाटी होती, बाहेर जाताना कृपया 'अपागे आ लूस'. मी वाचलं 'पागे', आणि समजले की बाहेर जाताना लाइटचे पैसे भरायचे. तीन दिवस लाइट चालू ठेवून रोज सकाळी रिसेप्शनला जाऊन विचारत होते की लाइटचे किती झाले. चौथ्या दिवशी त्या माणसाने मला हात धरून बटणापाशी नेलं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी गोष्ट. पाकारे पैशात घुसायच्या आधी लॅटिनमध्ये पैसे देण्याला मुख्यतः तीन शब्द होते. एक सोल्वेरे, म्हणजे सोडणं, गाठ मोकळी करणं. दुसरा पेंदेरे, म्हणजे वजन करणं, कारण नाणी यायच्या आधी धातू तोलून द्यायचे. तिसरा नुमेरारे, म्हणजे मोजणं. आणि चौथं आलं ते शांत करणं. आता मराठीकडे बघा. कर्ज आपण काय करतो? फेडतो. आणि लुगडंही फेडतो! गाठ सोडणं तेच देणं देणं, सोल्वेरे जसंच्या तसं, आणि कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. शिवाय आपण तो शब्द त्यांच्यापेक्षा फार लांब नेला, नवस फेडतो, पाप फेडतो, आईचे पांग फेडतो. स्पॅनिश माणूस चिडला की 'मे लास पगारास' म्हणतो, तुला याची किंमत द्यावी लागेल, आपण म्हणतो इथेच फेडून जावं लागतं. मोजणं तर आहेच, 'दहा हजार मोजले', आणि तिकडेही रोख पैशाला स्पॅनिशमध्ये 'अल कोंतादो', इटालियनमध्ये 'इन कोंतांती', म्हणजे मोजून दिलेले. आणि शांत करणं? भागवणं. तहान भागवतो आणि दुकानदाराचे पैसेही भागवतो. मिटवणंही तसंच, भांडण मिटवतो आणि हिशोबही मिटवतो.

हे मी वर्गात सांगते तेव्हा कुणीतरी हात वर करतंच, की म्हणजे लॅटिन मराठीतून आली का. नाही बाबांनो. देणं हे दोन माणसांमधलं ओझं आहे, ते गाठीसारखं वाटतं, भुकेसारखं वाटतं, भांडणासारखं वाटतं, आणि हे कुठल्याही गावात वाटू शकतं. शब्दांचं नातं आणि कल्पनेचं नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॉरवर्डवाले नेमकी तिथेच गल्लत करतात. खरं नातं पाहिजे असेल तर ते खूप मागे जाऊन आहे: पाक्स ज्या धातूतून आला त्याचा मूळ अर्थ बांधणं, घट्ट करणं असा, पॅक्ट म्हणजे करारही तिथलाच, आणि संस्कृत पाश त्याच घराण्यातला मानतात. तहाने बांधणारा पाक्स आणि गळ्यात पडणारा पाश. कर्जाचे हप्ते भरणाऱ्यांना हे पटेल.

पेंदेरेचं तर तुम्हाला घरबसल्या दर्शन होतं, पेन्शन! लॅटिन पेन्सिओ म्हणजे तोलून दिलेली रक्कम, हप्ता. इटालियनमध्ये पगाराला 'स्तिपेंदिओ' म्हणतात, त्यातही तोच पेंदेरे बसलाय, स्तिप्स म्हणजे नाणं आणि पुढे तोलणं. त्यामुळे नोकरीत असताना शांतता आणि रिटायर झाल्यावर वजन असा हिशोब आहे. सॅलरीचं मूळ मीठ हे खरं, रोमन लेखक प्लिनीसुद्धा तसंच म्हणतो, पण रोमन शिपायांना पगार म्हणून मिठाची पोती द्यायचे ही जी गोष्ट सगळे सांगतात तिला त्या काळातला पुरावा नाही, शिपायाला नाणीच मिळायची. नाण्यांवरून आठवलं, स्पॅनिशमध्ये पगाराला 'सुएल्दो' म्हणतात, तो सोलिदुस या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या सोन्याच्या नाण्यावरून, आणि पोर्तुगीज 'सोल्दादु' म्हणजे शिपाई, ज्याला सोल्दु मिळतो तो. इंग्लिश सोल्जर त्याच कुळातला, आणि आपल्या जुन्या मराठीतला गोरा सोजीर त्या सोल्जरचा. म्हणजे सोजीर या शब्दाचा मूळ अर्थच पगारी.

राहिलं शेवटचं. प्रश्नाच्या शेवटी असंही विचारलंय की 'चुकता' आणि पोर्तुगीज 'कित' (हिशोब चुकता झालेला या अर्थाचं विशेषण) एकच का, कारण दोन्हीत क आणि त आहेत. एक नाहीत. चुकता आपल्या चुकणे-चुकवणे मधला. कित मात्र लॅटिन क्विएतुस मधला, अर्थ ओळखा बघू: शांत, निवांत. फ्रेंच 'कितांस' म्हणजे पैसे मिळाल्याची पावती, पोर्तुगीज 'कितासांव' म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, स्पेनमध्ये नोकरी सोडताना जो शेवटचा हिशोब हातात देतात तो 'फिनिकितो'. म्हणजे ती मंडळी पैसे देताना पण शांतता म्हणतात आणि पावती घेताना पण शांतता. त्याच क्विएतुसमधून स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं निघाली, 'कितार' म्हणजे काढून घेणं आणि 'केदार' म्हणजे राहणं, उरणं. माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्यांत ही दोन दर आठवड्याला एकमेकांच्या जागी सापडतात, एक काढून घेतं आणि दुसरं उरतं, तेव्हा ती पाठ करताना पगाराची स्लिप समोर ठेवा, लक्षात राहतील.